चाळीस तासांची किल्ली

स्मरणिकेसाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने फर्मावलं तेव्हाच मी ठरवलं होतं की आठवणी लिहायच्या नाहीत. मधल्या सुट्टीतला डबा, पाठ न केलेल्या कविता, निरोप समारंभातलं रडणं, हे सगळं माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. मी पडले इंजिनिअर. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरते आहे. तेव्हा माझ्या धंद्याच्या कुळकथेतली एक गोष्ट सांगते. गोष्ट खेळण्यातल्या आगगाडीची आहे, अमेरिकेत घडलेली आहे, आणि तरीही तिचा आपल्या शाळेशी संबंध आहे.

निमित्त असं, की या मेळाव्यातून जमणाऱ्या निधीचं काय करायचं यावर गेले काही महिने आपल्या ग्रुपवर खल चालू आहे. कुणी स्मार्ट बोर्ड सुचवला आहे, कुणी नवे संगणक, कुणी प्रवेशद्वारावर कमान. माझंही एक मत आहे. ते लेखाच्या शेवटी मांडते. पण ते ज्या इतिहासावर उभं आहे तो आधी सांगायला हवा.

तात्पुरती इमारत, कायमचा क्लब

बोस्टनजवळच्या केंब्रिज गावात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी ही जगप्रसिद्ध संस्था आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे रडारचं संशोधन जोरात होतं. जागा पुरेना म्हणून १९४३ मध्ये घाईघाईने एक तीन मजली लाकडी इमारत उठवण्यात आली. युद्ध संपलं की सहा महिन्यांत पाडून टाकायची, अशा बोलीवर. तिला नावही दिलं नाही, नुसता क्रमांक दिला : इमारत क्रमांक २०.

युद्ध संपलं आणि इमारत मात्र राहिली. उन्हाळ्यात तापायची, हिवाळ्यात गारठायची, पण आत काम करणाऱ्यांना ती आवडायची. कारण सोपं होतं. कधीतरी पडणारच असलेल्या इमारतीच्या भिंतीला भोक पाडायचं असेल, छतातून वायर ओढायची असेल, तर कोण विचारतो? नोम चॉम्स्की यांचं भाषाशास्त्रातलं काम याच इमारतीत बहरलं. आणि इथेच, २०ई-२१४ क्रमांकाच्या खोलीत, १९४६ साली स्थापन झालेल्या एका विद्यार्थी मंडळाने आपला संसार मांडला. नाव 'टेक मॉडेल रेलरोड क्लब'. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवायच्या आणि चालवायच्या, एवढाच त्याचा उद्देश.

आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिली असेल ती पत्र्याची, चावी दिली की गोल फिरणारी गाडी. मॉडेल रेल्वे हा तिचा फार मोठा भाऊ. त्यात प्रमाण ठरलेलं असतं. सर्वांत लोकप्रिय प्रमाणाला एचओ म्हणतात : खऱ्याच्या १/८७. या हिशेबाने २१ मीटर लांबीचा प्रवासी डबा सुमारे २४ सेंटिमीटरचा होतो, पावणेदोन मीटर उंचीचा माणूस दोन सेंटिमीटरचा. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. म्हणजे एक किलोमीटरचा खरा रूळमार्ग दाखवायचा तर साडेअकरा मीटर लांब टेबल हवं! ते कुणाकडे नसतं. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हा या छंदातला पहिला धडा. स्टेशन ठेवलं तर शेत आखडावं लागतं, डोंगर घेतला तर गाव लहान होतं.

हा छंद एकट्याने होत नाही, हे त्या लोकांना फार लवकर कळलं होतं. १९३० च्या दशकापर्यंत एका कंपनीची चाकं दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर धड चालत नसत. १९३४ मध्ये मिलवॉकी शहरात 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू झालं. कुणी पूल कसा बांधला, कुणी सांधा कसा बसवला, याचे नकाशे आणि मापं त्यात येऊ लागली. दुसऱ्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्याच शहरात हौशी मंडळींनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि चाकाची जाडी किती, रुळांतलं अंतर किती, याची मापं ठरवून छापली. मग कोणत्याही कंपनीचा डबा कोणाच्याही टेबलावर धावू लागला. माझ्या धंद्यात ज्याला आम्ही 'स्टँडर्ड' म्हणतो आणि ज्यावर अख्खं इंटरनेट उभं आहे, ती गोष्ट या लोकांनी खेळण्यांसाठी आपसांत बसून केली होती.

टेबलाच्या वर आणि टेबलाच्या खाली

एमआयटीच्या क्लबात दोन प्रकारची मुलं होती. एका गटाचं लक्ष टेबलाच्या वर. जुन्या रेल्वेची छायाचित्रं शोधायची, त्यांबरहुकूम इंजिनांना रंग द्यायचा, पुठ्ठ्याची आणि लाकडाची घरं, गोदामं, स्टेशनं उभी करायची, जाळीवर प्लास्टर थापून डोंगर करायचे. दुसऱ्या गटाला घरं-डोंगरांशी फारसं देणंघेणं नव्हतं. ही मुलं टेबलाखाली पाठीवर पडून वायरी जोडत असत. त्यांच्या उपसमितीचं नाव 'सिग्नल्स अँड पॉवर', म्हणजे सिग्नल आणि वीजपुरवठा.

त्यांच्यापुढचा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. मॉडेल गाडीला वीज रुळांतूनच मिळते. एक रूळ म्हणजे विजेचं एक टोक, दुसरा रूळ म्हणजे दुसरं. रुळांत वीज सोडली की त्यावरची सगळी इंजिनं एकदम निघतात. टोकं उलटी केली की सगळी एकदम मागे येतात. एकाच मार्गावर दोन गाड्या, दोन वेगांनी, दोन माणसांना चालवायच्या असतील तर? त्यावर उपाय म्हणजे रूळ ठिकठिकाणी कापून त्यांचे सुटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी वीज द्यायची. अशा तुकड्याला खऱ्या रेल्वेसारखंच 'ब्लॉक' म्हणतात.

पण मग बटणांची संख्या वाढत जाते. समजा पाच चालक आणि पन्नास ब्लॉक असतील, तर कोणताही ब्लॉक कोणत्याही चालकाला जोडता यायला अडीचशे जोडण्या हव्यात. शिवाय गाडी पुढे सरकेल तशा त्या बदलत्या हव्यात, आणि एक ब्लॉक एका वेळी एकाच चालकाच्या ताब्यात हवा.

आता जरा थांबून विचार करा : अनेकांपैकी कुणालाही अनेकांपैकी कुणाशीही जोडून देणारं, आणि तो गुंतलेला असेल तर दुसऱ्याला मधे न घुसू देणारं यंत्र त्या काळी जगात कुठे होतं? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. योगायोग असा की क्लबाचे सल्लागार प्राध्यापकच संस्थेची टेलिफोन व्यवस्था पाहत होते. त्यांच्यामार्फत एक्स्चेंजमधले रिले आणि इतर सुटे भाग क्लबाला मिळू लागले. मुलांनी त्यांतून अशी यंत्रणा बांधली की गाडी चालवणाऱ्याने टेलिफोनच्या डायलवर आकडा फिरवायचा आणि हवा तो ब्लॉक आपल्या ताब्यात घ्यायचा. आपल्या लहानपणीचा काळा फोन आठवा. आकडा फिरवला की तो कटकट करत परत यायचा. तीच कटकट तिथे आगगाडीला रस्ता करून देत होती.

एक ब्लॉक, एक मालक हा नियम आपल्यालाही नवा नाही. एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर ड्रायव्हरला चामडी पिशवीतला धातूचा गोळा द्यायचे, वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून. तो गोळा हातात असल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही, आणि यंत्रातून एका वेळी एकच गोळा निघायचा. आमच्या प्रोग्रॅममध्ये दोन कामं एकाच माहितीवर तुटून पडू नयेत म्हणून आम्ही हेच करतो. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात या युक्तीला शास्त्रशुद्ध रूप दिलं आणि तिला नाव दिलं 'सेमाफोर', म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली करणारा सिग्नल. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ही संज्ञा आम्ही पाठ केली होती. ती रेल्वेतून आली हे मात्र मला नोकरी लागल्यावर कळलं.

किल्ली

या क्लबाचा एक नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नव्या मुलाने टेबलावर किंवा टेबलाखाली चाळीस तास काम केलं की त्याला खोलीची किल्ली मिळायची. मार्क किती, वडील काय करतात, कोणत्या वर्षाला आहेस, हे विचारायचं कारण नव्हतं. चाळीस तास काम कर, किल्ली घे, मग रात्री दोन वाजता आलास तरी खोली तुझी.

किल्ली हातात आलेल्या मुलांची मग स्वतःची भाषा तयार झाली. पीटर सॅमसन नावाच्या विद्यार्थ्याने १९५९ मध्ये क्लबाच्या बोलीचा छोटा कोशच तयार केला. त्यातला एक शब्द आज जगभर पोचला आहे : 'हॅक'. एमआयटीत हा शब्द आधी विद्यार्थ्यांच्या खोड्यांसाठी वापरत. क्लबात त्याला तंत्राचा अर्थ आला. निव्वळ करण्यातल्या आनंदापोटी केलेली, डोकं लढवून साधलेली गोष्ट म्हणजे हॅक. क्लबाच्या एप्रिल १९५५ च्या सभेच्या इतिवृत्तातच एक सूचना सापडते : विजेच्या यंत्रणेवर काम किंवा 'हॅकिंग' करणाऱ्यांनी वीज बंद करावी, म्हणजे फ्यूज उडणार नाही. जगातल्या पहिल्यावहिल्या हॅकरांबद्दलची तक्रार ही अशी, फ्यूज उडण्याची!

आणखी एक शब्द सांगते, कारण आपल्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना तो रोज भेटतो. उदाहरण देताना आम्ही कोणत्याही गोष्टीला 'फू' असं नाव देतो. तो शब्द जुन्या अमेरिकन चित्रकथांतून आलेला, पण क्लबाच्या खोलीत त्याला खास जागा होती. गाडी कुठे आदळणार असं दिसलं तर सगळं एकदम बंद करायला खोलीत ठिकठिकाणी बटणं होती. ती दाबली की भिंतीवरचं आकड्यांचं घड्याळ थांबायचं आणि वेळेच्या जागी 'फू' अशी अक्षरं उमटायची.

टेबलाखालून संगणकाकडे

१९५९ च्या वसंतात एमआयटीने पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचा वर्ग सुरू केला. शिकवायला होते जॉन मॅकार्थी, कृत्रिम बुद्धिमत्तेला तिचं इंग्रजी नाव देणारे. क्लबातला पीटर सॅमसन आणि त्याचा सोबती ॲलन कोटॉक त्या वर्गात जाऊन बसले. पण संस्थेचा मोठा संगणक, आयबीएम ७०४, त्यांच्या हाती येणारा नव्हता. कार्डांना भोकं पाडायची, ती खिडकीतून आतल्या कर्मचाऱ्याकडे द्यायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. एक स्वल्पविराम चुकला तरी पुन्हा रांग. यंत्राला हात लावायचा अधिकार आतल्या लोकांचा.

मग क्लबाचेच एक माजी सदस्य, जॅक डेनिस, मदतीला आले. ते तोवर एमआयटीत शिकवू लागले होते. लष्करी संशोधनासाठी बांधलेला टीएक्स-० नावाचा ट्रान्झिस्टरचा संगणक १९५८ मध्ये एमआयटीला मिळाला होता. त्याची स्मृती होती ४,०९६ शब्दांची. आज तुमच्या खिशातल्या फोनवर सकाळी येणारं 'शुभ सकाळ'चं एखादं चित्रसुद्धा त्यात मावणार नाही. पण या यंत्रापुढे माणूस स्वतः बसू शकत होता. वेळ नोंदवायची, बसायचं, चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. डेनिसनी क्लबातल्या मुलांना या खोलीची वाट दाखवली. रात्री ज्याने वेळ नोंदवली तो आला नाही, की ती वेळ या मुलांची. टेबलाखाली सापळा लावून बसणारी पोरं आता संगणकाच्या दाराशी बसू लागली.

१९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने एमआयटीला पीडीपी-१ हा संगणक भेट दिला. त्याला पडदा होता. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला : दोन अवकाशयानं एकमेकांवर मारा करताहेत. जगातल्या अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेमपैकी हा एक. सॅमसनने त्यात मागचं आकाश घातलं, मनाने ठिपके न टाकता खऱ्या ताऱ्यांच्या जागा हिशेबाने बसवून. दुसऱ्या एकाने मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिलं. संगणकाची बटणं दाबून कोपरं दुखू लागली, तेव्हा कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी रेल्वे क्लबातल्या सुट्या सामानातून हातात धरायच्या नियंत्रण पेट्या केल्या. आपली मुलं आज तासन् तास हातात धरून बसतात त्या गेम कंट्रोलरचं पूर्वरूप आगगाडीच्या सामानातून निघालं.

या खेळाची मालकी कुणी सांगितली नाही. प्रोग्रॅम कागदी फितीवर भोकं पाडून ठेवत, आणि फिती संगणकाशेजारच्या खणात असत. कुणीही यावं, फीत काढावी, सुधारणा करावी, पुन्हा खणात ठेवावी. कोट्यवधी फोन आणि संगणक आज ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामागच्या विचाराची एक मोठी मुळी या खणापर्यंत जाते. मासिकात पुलाचा नकाशा छापणारे हौशी लोक आणि खणात फीत ठेवणारी ही पोरं एकाच घराण्यातली. स्टीव्हन लेवी या पत्रकाराने १९८४ मध्ये 'हॅकर्स' या पुस्तकात ही सगळी हकिकत नोंदवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

किल्ली नसलेल्यांची बाजू

इथवरची गोष्ट आमच्या धंद्यात फार कौतुकाने सांगतात आणि इथेच थांबतात. मला थांबवत नाही, कारण तिला दुसरी बाजू आहे.

याच मुलांपैकी काहींनी एका रात्री पीडीपी-१ च्या पोटातल्या वायरी बदलून त्याला एक जादा आज्ञा शिकवली. हेतू वाईट नव्हता, यंत्र अधिक चांगलं करायचं होतं. दुसऱ्या दिवशी मार्गारेट हॅमिल्टन ही तरुण प्रोग्रॅमर हवामानाचा आपला प्रोग्रॅम चालवायला आली. काल चालणारा प्रोग्रॅम आज कोसळत होता. तिने स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोध शोध शोधली. चूक तिची नव्हतीच. तिच्या पायाखालचं यंत्रच रातोरात बदललं होतं. अखेर तक्रार झाली आणि वायरी पूर्ववत कराव्या लागल्या.

ही हॅमिल्टन पुढे अपोलो यानाच्या संगणकाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या विभागाची प्रमुख झाली. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना संगणकावर कामाचा भार जास्त झाला आणि धोक्याचे इशारे येऊ लागले, तेव्हा त्या सॉफ्टवेअरने कमी महत्त्वाची कामं बाजूला सारून उतरण्याचं काम चालू ठेवलं. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रूढ करण्याचं श्रेयही तिच्याकडे जातं. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर जे दोन शब्द आहेत ते तिच्यामुळे आहेत.

म्हणजे आमच्या धंद्याला दोन पूर्वज आहेत. एक, रात्री किल्ली लावून आत जाणारा आणि यंत्र उघडून बघणारा. दुसरी, सकाळी येऊन ज्या यंत्रावर भरवसा ठेवायचा ते कालच्यासारखंच असावं असं म्हणणारी. पहिला नसता तर यंत्र कधी कुणाच्या हाती आलं नसतं. दुसरी नसती तर त्या यंत्राच्या भरवशावर चंद्रावर जायची कुणाची छाती झाली नसती.

आणखी एक गोष्ट. चाळीस तासांचा नियम न्याय्य होता, पण तो दाराच्या आतला. त्या काळात एमआयटीत मुली अगदी मोजक्या होत्या. त्याचं एक कारण तर अगदी साधं होतं : राहायची सोय. संस्थेच्या आवारात मुलींसाठी मोठं वसतिगृह झालं ते १९६३ मध्ये. जिला रात्री राहायलाच जागा नाही, ती रात्री दोन वाजता संगणकासमोर कशी बसणार? हुशारी मोजायच्या आधी दार, बस आणि घड्याळ यांनी निवड केलेली असते. आपल्या बॅचच्या मुलींना हे वेगळं सांगायला नको.

आणि किल्लीचा गैरवापरही झाला. नोव्हेंबर १९६३ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थी वृत्तपत्रात बातमी आली की टेलिफोन व्यवस्थेत घुसखोरी करणाऱ्या 'हॅकर' मुलांमुळे काही फोनसेवा बंद कराव्या लागल्या आहेत. आज वर्तमानपत्रात हॅकर हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्या अर्थाच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक आहे. टेलिफोनच्या सुट्या भागांनी मोठ्या झालेल्या या शब्दाला बट्टा लागला तोही टेलिफोनवरूनच.

१९९८

सहा महिन्यांची इमारत पंचावन्न वर्षं टिकली. १९९८ मध्ये ती पाडली. तिच्या जागी आता फ्रँक गेरी या वास्तुकाराने आखलेली वाकड्यातिकड्या भिंतींची नवी इमारत आहे. क्लब त्याआधीच दुसऱ्या जागेत हलला होता, पण अर्ध्या शतकाचं ते टेबल उचलून नेता येण्यासारखं नव्हतं. सभासदांनी नव्याने सुरुवात केली. नव्या टेबलावर एमआयटीच्या उंच 'ग्रीन बिल्डिंग'ची १/८७ मापाची प्रतिकृती आहे. तिच्या खिडक्यांत दिवे आहेत आणि पाहुण्यांना त्या खिडक्यांवर टेट्रिस खेळता येतं. एप्रिल २०१२ मध्ये तर विद्यार्थ्यांनी खऱ्या इमारतीच्या खिडक्या पेटवून त्यावर टेट्रिस खेळून दाखवलं. टेबलाच्या वरचे आणि टेबलाखालचे, दोघांची कला त्या एका इमारतीत एकत्र आली असं मला वाटतं.

त्याच १९९८ साली आपल्या पुण्यात, कोथरूडला, भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. आपल्यापैकी पुष्कळांनी मुलांना तिथे नेलं असेल. मी लेकीला घेऊन गेले तेव्हा दिवे मंद झाले, गावात रात्र झाली, खिडक्या उजळल्या आणि गाड्या सिग्नलला थांबत, सुटत धावू लागल्या. सगळी मुलं गाड्यांकडे बघत होती. माझी लेक वाकून टेबलाच्या खाली बघू लागली. मला फार बरं वाटलं.

आपला निधी

आता माझं मत. आपल्या वेळी शाळेत संगणकाची खोली होती हे आठवत असेल. चार संगणक, त्यांवर प्लास्टिकची आवरणं, बाहेर चपला काढायच्या, आठवड्याला एक तास, एका संगणकापुढे चौघंजणं. कळफलक ज्याच्या पुढ्यात तो मुलगा, आणि मागे उभ्या राहून बघणाऱ्या आम्ही. तो तास संपला की कुलूप. यात कुणाचा दोष काढायचा नाही. यंत्रं महाग होती आणि मोडली तर दुरुस्तीला पैसे नव्हते.

पण त्याच शाळेत दुसरंही काही घडत होतं. विज्ञान प्रदर्शनाच्या आठवड्यात आपले विज्ञानाचे सर प्रयोगशाळेची किल्ली आम्हा पाच जणींच्या हवाली करायचे. "जाताना गॅस बघा आणि किल्ली काकांकडे द्या," एवढीच सूचना. त्या आठवड्यात आम्ही घंटेचं विद्युतचुंबक गुंडाळलं, दोन बॅटऱ्या जाळल्या आणि एक मोटर फिरवली. मला इंजिनिअर व्हायचंय हे मी घरी सांगितलं ते त्याच वर्षी. सर, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं, ते आज सांगते. तुम्ही शिकवलेला ओहमचा नियम मी विसरले नाही, पण किल्ली जास्त उपयोगी पडली.

म्हणून माझी सूचना अशी. कमान नको, नवाकोरा महाग बोर्डही नको. एक खोली करू या. त्यात जुने पण चालू संगणक, सोल्डरिंगच्या चार इस्त्र्या, मल्टिमीटर, मोटरी, वायरी आणि आठ फूट बाय चार फूट प्लायवुडचं एक टेबल. टेबलावर मुलांनी आपलं गाव उभं करावं : स्टेशन, बाजार, शाळा. आणि टेबलाखालून त्यातल्या गाड्या, दिवे, फाटकं चालवावीत. मोडतोड होणार हे धरूनच पैसे बाजूला ठेवावेत.

पैशांपेक्षा नियम महत्त्वाचे आहेत, आणि ते मी वरच्या इतिहासातूनच घेतले आहेत. पहिला : चाळीस तास काम करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला खोलीची किल्ली, मार्क न बघता. दुसरा : जे केलं ते वहीत लिहून खणात ठेवायचं, पुढच्या वर्षीच्या मुलांनी तिथून पुढे जावं. तिसरा : जोडणी बदलली तर फळ्यावर लिहायची, कारण सकाळी येणाऱ्याचाही त्या यंत्रावर हक्क आहे. चौथा, आणि याबद्दल मी हट्टी आहे : खोलीच्या वेळा मुलींच्या शेवटच्या बसनुसार ठरवायच्या. शाळा सुटल्यावर साडेसहापर्यंत उघडी ठेवून चालणार नाही. दुपारची सुट्टी आणि रविवारची सकाळ, याच वेळा सगळ्यांना जमतात.

खोलीत बसायला एक मोठं माणूस लागेल. महिन्यातला एक रविवार मी घेते. पुण्याहून सकाळच्या गाडीने आलं की नऊपर्यंत पोचता येतं. उरलेल्या तीन रविवारांसाठी तीन जण हवेत. वायरमन, शिक्षक, बँकेतले, सुतारकाम येणारे, कुणीही चालेल. टेबलाच्या वरचं कामही तितकंच आहे, नुसते इंजिनिअर नकोत. मेळाव्याच्या दिवशी जेवणानंतर नावं घ्यायला मी वही घेऊन बसणार आहे.